हॉटस्पॉट आन् आबांची हाक

अरे, हॉटस्पॉट चालू करायला कितीसा वेळ लागतोय? पण तो फोन आमच्या आबांच्या हातात देऊ नका.

बहिणीची कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत ऑनलाइन मुलाखत, आन् वस्तीवरचं वायफाय नेमकं तवाच बंद. रेंज फक्त गच्चीवर. म्हणून माझ्या फोनवर हॉटस्पॉट लावला आन् राखायला आबांना वर बसवलं. पासवर्ड ठेवला आमच्या म्हशीचं नाव, तिला चटकन आठवावं म्हणून.

मुलाखत रंगात आली आन् लॅपटॉप अडकला. मी पळत वर. बघतो तर अख्खी वस्ती आमच्या नेटवर!

"आबा, पासवर्ड कुणाला दिला?"

"मागितला त्याला दिला. विहिरीचं पाणी कवा कुणाला न्हाई म्हणलोय का?"

"आवो, तिची मुलाखत थांबलीय! बंद करायला सांगा त्यांना!"

उसाला पाणी देताना लाइट कमी पडली की ओरडतात, तसेच आबा सवयीनं कठड्यावरून ओरडले, "ए, बंद करा रं! आमचं भरणं चाललंय!"

वस्तीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी बंद झाल्या. नेट कुणीच सोडलं न्हाई.

मी घाईघाईनं पासवर्ड बदलला, खाली पळत जाऊन लॅपटॉप जोडून दिला. बहीण परत बोलायला लागली, तोच अंगणात शेजारचे मामा. "आबा, तुमच्या शब्दाखातर मोटार बंद केली, आन् तुम्ही आमचं नेट तोडलं व्हय?"

आबा ओशाळले. वरूनच म्हणाले, "दुसऱ्या म्हशीचं नाव टाकून बघा."

बरोब्बर तेच ठेवलं होतं.

आतून बहीण ओरडली, "दादाऽऽ!"