गाडीच्या पोटाखालच्या रेघा

मिस्त्री : थंडगार आहे.

आई : म्हणजे वाईट का?

मिस्त्री : म्हणजे चांगलं, ताई. गाडी दाखवायची म्हटलं की लोक आधी अर्धा तास इंजिन चालू करून ठेवतात. गरम इंजिन गोड बोलतं. खरं काय ते थंड असताना ओकतं. काका, सकाळपासून हात नाही ना लावला?

काका : तुम्ही फोनवर बजावलं होतंत. बॉनेटसुद्धा उघडलेलं नाही.

आई : काका, रागावू नका हं, पुन्हा विचारते. चौदा वर्षं एकाच मालकाकडे?

काका : तिसऱ्यांदा विचारताय. तिसऱ्यांदाही हो.

मिस्त्री : वहीत प्रश्न आहेत तरी किती, ताई?

आई : एकतीस.

मिस्त्री : पोलीससुद्धा दहा-बारात आटपतात हो.

आई : हसा. चार महिन्यांची मुलगी बसणार आहे हिच्यात. पोलिसांची नाही, माझी.

काका : वर आमच्या हिच्याकडे आहे, तीच ना? काय नाव म्हणालात?

आई : कागदावर मोठं आहे. घरात मुंगीच म्हणतो. झाली तेव्हा एवढीशी होती. दोन्ही पावलं आत वळलेली. दर मंगळवारी जुनं प्लास्टर काढतात, पाय जरासा सरळ करतात आणि नवीन घालतात. पार मांडीपर्यंत.

मिस्त्री : दर मंगळवारी? आणि हॉस्पिटल?

आई : पन्नास किलोमीटर. हिचे बाबा बाहेरगावी, महिन्यातून एकदा येतात. दर आठवड्याला भाड्याची गाडी झेपत नाही. गेल्या मंगळवारी दोन बस सोडल्या, प्लास्टरचे पाय घेऊन त्या गर्दीत चढणार कशी? तिसरीत चढले, पोचले, तर डॉक्टर निघून गेले होते. आता म्हणतात, आणखी एक आठवडा चुकला तर पाय मागे फिरतील. सुरुवातीपासून सगळं.

मिस्त्री : आणि आज रविवार.

आई : आज रविवार.

काका : बघा मिस्त्री. हवं तिथे बघा. घाई नको.

मिस्त्री : मला घाईची सवयच नाही. यंदा लोकांसाठी बावीस जुन्या गाड्या बघितल्या. एकविसांना नको म्हटलं.

आई : आणि बाविसावीला?

मिस्त्री : तिलाही नकोच म्हटलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. आता महिन्यातले वीस दिवस ती माझ्याच दारात असते. हं, हे तेलाचं झाकण. आतून बोट फिरवतो. बघा, साय नाही. साय धरलेली असली तर समजायचं, तेलात पाणी गेलंय. आता पुढच्या सीटचा पट्टा ओढा. सगळा, शेवटपर्यंत.

आई : ओढला.

मिस्त्री : कुठे मातकट रेघ दिसते का? पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून चकाचक करतात, पण पट्ट्याचं शेपूट धुवायचं विसरतात.

आई : नाही. कोरा आहे अगदी. मागचेही बघते. झटका दिला की अडकतोय. तिची खुर्ची मागे बांधायची आहे. एअरबॅग नाहीत ना हिला?

काका : नाहीत. स्वस्तातली छोटी गाडी होती, चौदा वर्षांपूर्वी देतच नव्हते. ही जोरात पळवायची गाडी नाही, बाई. साठच्या वर नेऊ नका, ती साथ देईल.

आई : खोटं नाही बोललात, बरं वाटलं. मग विकताय का?

काका : आता कुठे जाणं होत नाही. पेट्रोलचे भाव, आमची पेन्शन. कशाला हत्ती पोसायचा?

मिस्त्री : हा हत्ती? उंदरावर बसेल ही. त्या लाकडी फळ्या कसल्या, काका? चढाव केलाय?

काका : मीच केलेत. पुढची चाकं वर चढवा, मागे दगड लावा, हॅण्डब्रेक ओढा. मग आत शिरा.

मिस्त्री : सगळी तयारी! चला, पोट बघतो. वरून सगळ्याच गाड्या नवऱ्या असतात.

आई : गंज शोधा आधी. प्रश्न सतरा. आणि तेलगळती, अठरा... मिस्त्री? ...अहो मिस्त्री! झोपलात का?

मिस्त्री : ताई.

आई : काय झालं? गंज आहे? मोडलंय काही?

मिस्त्री : खाली या.

आई : मी? गाडीखाली?

मिस्त्री : गोणपाट आहे. कपडे धुता येतील. हे बघितलं नाहीत तर पस्तावाल.

आई : सरका थोडे. पाय कुठे ठेवू? ...अगं बाई.

मिस्त्री : बत्ती इकडे मारतो. बघा. आता इकडे.

आई : प्रत्येकावर आहे?

मिस्त्री : प्रत्येक बोल्टवर. डोक्यावरून निघून खालच्या पत्र्यापर्यंत, एकेक रेघ. पांढरी, निळी, गुलाबी. तीस वर्षं या धंद्यात लोळतोय, ताई, असं पोट मी बघितलेलं नाही. गंज सोडा, चिखलाची पापडीसुद्धा नाही.

आई : माझी आजी भरतकाम आणलं की आधी उलटं करायची. सुलट बाजू कुणीही करतं म्हणायची. हे... उलट बाजूला एक गाठ नाही हो.

मिस्त्री : काका! ही रांगोळी कसली?

काका : नेलपॉलिश आहे.

मिस्त्री : काय?

काका : आमच्या हिचं. लवकर वाळतं, तेलानं निघत नाही. ती म्हणते, लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्या नखांना कधी लागलं नाही ते तुमच्या गाडीच्या नखांना लागलं.

आई : पण कशासाठी?

काका : मी लिफ्ट दुरुस्तीत होतो. चौतीस वर्षं. बोल्ट घट्ट केला की त्याच्यावरून पत्र्यावर रेघ ओढायची. पुढे तो केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटते. हातानं तपासलं तर फसाल, सैल बोल्टही घट्ट लागतो हाताला. रेघ फसवत नाही. दर वेळी खोलला की नवा रंग.

मिस्त्री : म्हणजे पांढरी पहिली, वर निळी, वर गुलाबी. अरे, ही तर जन्मकुंडली झाली! कुठला बोल्ट किती वेळा खोलला, सगळं लिहिलंय. आणि हे कुणी बघणार नव्हतं, काका!

काका : लिफ्टच्या टपावर तरी कोण बघायला येतं? आतला माणूस आरशात भांग पाडत असतो. नवव्या मजल्यावर असतो तो, त्याला थोडंच माहीत असतं. माहीत नसावंच. त्यानं भांग पाडावा.

आई : किती आहेत या?

काका : एकशे चौऱ्याऐंशी.

मिस्त्री : ताई, वही मिटा. मी गाडीला 'घ्या' म्हणतोय. तारीख लिहून ठेवा आजची.

आई : थांबा. बत्ती परत मारा. डावीकडे. चाकाच्या आतल्या बाजूला.

मिस्त्री : ही? खालच्या दांडीचा बोल्ट. चाकाला धरून ठेवते ती दांडी. गुलाबी रेघ आहे की.

आई : जुळत नाही.

मिस्त्री : कुठे नाही जुळत?

आई : बोल्टवरचा तुकडा जरा वर गेलाय आणि पत्र्यावरचा खाली राहिलाय. एवढासाच.

काका : शक्य नाही.

मिस्त्री : ...आईशप्पथ. मी वेड्यासारखा बघतच राहिलो होतो. तुम्हाला दिसलं कसं?

आई : दर दोन तासांनी दहा नखं बघते मी. प्लास्टरमधून बोटं बाहेर असतात ना, गुलाबी आहेत की निळी पडतायत ते. रंग जरा हलला की कळतं.

काका : बाहेर या, बाई. मला जाऊ द्या आत. गेल्या महिन्यात एकूण एक बघितल्यात मी. मिस्त्री, बत्ती धरा. कुठे?

मिस्त्री : ही काय. माझ्या बोटाजवळ.

काका : ही?

मिस्त्री : हो.

काका : आणि हिच्या शेजारची?

मिस्त्री : ती सरळ आहे. काका, ती ढळढळीत सरळ आहे.

काका : पाना लावा.

मिस्त्री : लावला. फिरतोय. पाव आटा, अर्धा... चांगला सैल आहे हो.

आई : सुटला असता तर?

मिस्त्री : ताई, आता घट्ट होतोय.

आई : मी विचारतेय, सुटला असता तर?

काका : चाक फिरलं असतं. तुम्ही एकीकडे वळवलं असतंत, ते भलतीकडे गेलं असतं. मिस्त्री, बाहेर या. गाडी विकायची नाही मला.

मिस्त्री : अहो, एक बोल्ट! आवळला, संपलं.

काका : एक सापडला म्हणून एक म्हणताय. मला त्या सगळ्याच वाकड्या दिसतात.

आई : म्हणजे?

काका : दोन महिन्यांपूर्वी सकाळी उठलो, तर दाराची चौकट मधेच वाकलेली. मी ओळंबा लावून बघितला. चौकट सरळ होती. त्या दिवसापासून स्टिअरिंगला बसलो नाही.

आई : आणि गेल्या महिन्यात गाडीखाली गेलात?

काका : भाच्यानं नेली होती, खड्ड्यात आपटली म्हणाला. म्हणून गेलो. ही रेघ वाकडी दिसली. शेजारचीही वाकडी. एकूण एक वाकडी. म्हटलं, माझा बोल्ट सैल होत नसतो, डोळेच सैल झालेत. सगळ्या ठीक धरल्या आणि बाहेर आलो. आजवर कधी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली नव्हती. घेतली, तीही नेमकी रेघ खरंच सरकलेली असताना.

मिस्त्री : काकूंना माहीत आहे?

काका : तिला वाटतं, पेट्रोल परवडत नाही म्हणून विकतोय. तुम्हालाही तेच सांगितलं. जा, बाई. तान्हं पोर बसवायचं आहे तुम्हाला. दुसरी बघा.

आई : दुसरी कुठून बघू? परवा मंगळवार आहे.

काका : मी जबाबदारी घेऊ शकत नाही.

आई : तुम्ही कशाला घेताय? आई मी आहे. भीती मलाही वाटतेय. पण दुसऱ्या कुठल्या गाडीत मला तो बोल्ट दिसला असता? तिथे रेघच नसती. तिथे मी एकतीस प्रश्न विचारून, बाहेरचा रंग बघून, खुशाल बसले असते. काका, कुठे कुठे रेघा आहेत ते आठवतं तुम्हाला?

काका : आठवायचं काय त्यात?

आई : मग सांगा. मी बघते. जुळली नाही तर मिस्त्री पाना लावतील. एकशे चौऱ्याऐंशीच्या एकशे चौऱ्याऐंशी.

मिस्त्री : ताई, जेवायची वेळ होईल.

आई : होऊ द्या. मुंगी रडली की काकू हाक मारतील. काका, स्टूल घ्या, इथे बसा. सांगा.

काका : ...डावं पुढचं चाक. आतून पहिला. पांढरी, वर निळी.

आई : पांढरी, निळी. सरळ.

काका : त्याच्या मागे, चार बोटांवर. नुसती पांढरी. तो कधी खोललाच नाही.

आई : नुसती पांढरी. सरळ. मिस्त्री, डोळे मिटून बोलतायत ते!

मिस्त्री : बघतोय मी. तुम्ही वर बघा.

काका : तिसरा, दांडीच्या टोकाला. पांढरी, निळी, गुलाबी. गुलाबी जरा जाड आहे. त्या दिवशी शिंक आली होती.

आई : आहे जाड! शेपूट आलंय बाजूला. काका, शिंकसुद्धा लक्षात आहे तुमच्या!

काका : बोलू नका. चौथा.

(सव्वा तासानंतर. तिघांचेही कपडे धुळीने माखलेले.)

मिस्त्री : एकशे चौऱ्याऐंशी. एकशे त्र्याऐंशी सरळ.

आई : सगळे रंग बरोबर. एकसुद्धा चुकला नाहीत.

मिस्त्री : मला माझ्या पोरांचे वाढदिवस आठवत नाहीत हो. काका, पायाला हात लावू द्या.

काका : उठा, कंबर धरेल. त्या एकाला मात्र रेघ राहिली.

आई : ओढली मी. काकूंकडून बाटली मागून आणली मघाशी. लालच होती घरात.

काका : हात हलला नाही?

आई : हलला. पुसून परत ओढली.

काका : हं. तसंच करायचं असतं.

आई : काकूंनी विचारलं, इतका वेळ काय चाललंय. मी म्हटलं, काका गाडी समजावून देतायत. डोळ्यांचं नाही बोलले. ते तुम्ही सांगायचं.

काका : सांगेन.

आई : कधी?

काका : प्रश्न बत्तिसावा का हा?

आई : पायांच्या विभागाच्या वरच्याच मजल्यावर डोळ्यांचा आहे. दर आठवड्याला रांग बघते मी. मुंगीचं प्लास्टर वाळायला दोन तास लागतात, तोवर तुमचा नंबर लागेल. तिच्या शेजारी मागे जागा आहे. पट्टाही बघितलाय मी त्या बाजूचा.

मिस्त्री : जा, काका. मी पुढे बसतो, ताईंना पहिल्या दिवशी सोबत. दुकान बंद ठेवतो.

काका : गाडी अजून विकली नाही मी.

आई : मग मंगळवारी संध्याकाळी विका. मी नऊला निघणार आहे.

काका : नऊ म्हणजे पावणेनऊला मी खाली उभा असेन.