‘खारं पाणी’ बँडचा निरोप आणि माझा गोंधळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय नामदेवराव, प्रमुख पाहुण्या समिधाताई, ज्यांच्यासाठी हा हॉल भरला आहे ते ‘खारं पाणी’ बँडचे ललित, सुजीत आणि निमेश, आणि बोईसर-तारापूरपासून दातिवऱ्यापर्यंतच्या गावांतून वेळ काढून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी कृष्णकांत चुरी, वाणगावचा. चुरी साउंड माझंच. तेवीस वर्षं या बँडच्या समोर मिक्सर घेऊन उभा राहिलो. माइकसमोर उभा राहतोय तो आज पहिल्यांदा. हात कुठे ठेवावेत तेही समजत नाहीये.

नामदेवराव म्हणाले, निरोपाचे दोन शब्द बोला. मी चार दिवस कागद लिहितोय आणि फाडतोय. एका कागदावर निरोप दिला, दुसऱ्यावर अभिनंदन केलं, तिसऱ्यावर नुसतं ‘माननीय’ लिहून बसून राहिलो. आमच्या मंडळी, हिना, त्या तिथे तिसऱ्या रांगेत आहेत. त्या म्हणाल्या, “आदी ठरवा, त्यांनी थांबायला पायजे का नाय. मंग लिवा.” तेच ठरत नाही, म्हणून रिकाम्या हातांनी आलो आहे.

आज शाल-श्रीफळ झालं की ‘खारं पाणी’ पुन्हा वाजणार नाही. हे तिघांनी जाहीर केलं आहे. पण ते कशावरून ठरलं, हे तुम्हाला सांगायला हवं.

ललित दातिवऱ्याचा, होडीवाल्यांच्या घरातला. सुजीत बोईसरच्या कारखान्यात कामाला, निमेश पालघरचा. ललित तालावर भराभर बोलायचा, मागून सुजीतची गिटार आणि निमेशचे ड्रम तुटून पडायचे. पहिल्या कार्यक्रमाला ललितची आई वत्सलाकाकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “किसना, ह्यो गातंय का कुणाशी भांडतंय?” मी म्हटलं, काकू, दोन्ही. पुढे बँडचं ‘भोंगा’ हे गाणं आलं. शिफ्टच्या भोंग्यावर आणि सुपरवायझरवर केलेलं. ते आपल्याकडच्या किती हळदींत वाजलं असेल, सांगा! या हॉलमधल्या अर्ध्या जोडप्यांच्या हळदीत तर मीच वाजवलंय.

आता गंमत अशी, की सुजीत स्वतः सुपरवायझर झाला आहे. तो ‘भोंगा’ वाजवतो तेव्हा नेमकं कोणाला सुनावतो? मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “दादा, म्हणून तर नवीन गाणं करायचंय.” शेहेचाळिशीच्या माणसांनी विशीतला राग किती वर्षं पुरवायचा? आणि नवं काही केलं, तर ते ऐकणार कोण? मला दोन्ही बाजू पटतात. पंचाईत आहे ती हीच.

त्यांनी नवं गाणं केलं. ललितच्या आईवर. काकू जन्मभर बोंबील सुकवायच्या, दोन वर्षांपूर्वी गेल्या. गाण्यात ललित ओरडत नाही, बोलतो. ‘आई, तुज्या हाताला अजून मीठ हाय,’ असं त्याचं धृपद. जानेवारीत पालघरच्या मैदानात ते पहिल्यांदा वाजलं आणि लोक उठून वडापावच्या गाडीकडे गेले. कार्यक्रमानंतर केबल गुंडाळताना ललितने मला विचारलं, “किसनदा, खरा सांग. नाय ना पोचला?” मी म्हटलं, नाही पोचलं. वय झालं आपलं, मानाने थांबा. त्या रात्रीनंतर त्याने वही उघडली नाही. आजचा समारंभ त्यातून उभा राहिला आहे.

इथवर माझा गोंधळ नव्हता. तो झाला गेल्या रविवारी.

दातिवऱ्याला भाविका नावाच्या मुलीची हळद होती, वाजवायला हेच तिघे. बेसच्या स्पीकरचे मोठे डबे घेऊन निघालेला माझा टेम्पो सफाळ्याला पंक्चर होऊन बसला. मांडवात होते फक्त दोन छोटे डबे, धवलारणीसाठी लावलेले. धवलारीण म्हणजे आपल्याकडे लग्नात विधीची गाणी म्हणते ती बाई, हे बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. धवलारीण होती शालूआजी. टेम्पो येईपर्यंत वेळ काढायला म्हणून तिघांनी त्या दोन डब्यांवर नवं गाणं धरलं. पोरं नाचली नाहीत. मी मनात म्हटलं, बघ, माझंच खरं.

तेवढ्यात शालूआजीने हळदीचं ताट खाली ठेवलं आणि आपल्या माइकवर धृपद उचललं. धवलारीण गाण्यात नवरीचं नाव घालते, ही तिची रीत. तिने म्हटलं, ‘भाविका, तुज्या हाताला अजून मीठ हाय.’ मागच्या बायकांनी तिच्यामागून म्हटलं. भाविकाची आई रडायला लागली. ललित मांडवामागे जाऊन दोनदा तोंड धुऊन आला. मी आजीला विचारलं, हे गाणं तुम्हाला कुठे मिळालं? ती म्हणाली, “आत्ताच तर त्यानी बोलला ना! कान हायेत आमाला.”

मग टेम्पो आला, पोरांनी ‘भोंगा, भोंगा’ करून मांडव डोक्यावर घेतला. म्हणजे नवं गाणं चाललं की पडलं? ज्या ‘भोंगा’वर गावं नाचली, त्यात इतक्या वर्षांत कोणा धवलारणीने कोणाचं नाव घातलं नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे. त्याचा अर्थ काय लावायचा ते ठाऊक नाही.

अध्यक्षमहाराज, वेळ झाली. आयोजकांचे, जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींचे आणि इतका वेळ माझं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. पण एक चूक बोलण्यातली नाही, आणि तिची माफी मी फक्त ललितकडे मागतो.

ललित, त्या दिवशी पालघरला तुझं गाणं सुरू झालं आणि माझ्या हाताने तुझा आवाज अर्ध्यावर आणला, बेस चढवला. हळदीत तेवीस वर्षं मी तेच करतो. मला वाटायचं, शब्द कोणाला हवे असतात? हे माझ्या ध्यानात आलं ते रविवारी, टेम्पो आला आणि माझा हात पुन्हा त्याच बटणाकडे गेला तेव्हा. लोक तुझे शब्द ऐकून उठले नव्हते रे. मी ते त्यांना ऐकूच दिले नव्हते. आणि वर तुला सांगितलं, पोचलं नाही.

नवं गाणं चालेल का, मला आजही माहीत नाही. शाल इथे आहे, नारळही आहे. घ्यायचा तर निरोप घ्या, पण माझ्या त्या शब्दावर घेऊ नका. आता हा माइक तुझ्याकडे देतो. इथे येण्याआधी मिक्सरवर जाऊन तुझा आवाज पूर्ण वर करून आलोय.