दुसरी रेष

—नाई साहेब, खाटेवर नका बसू, दोरी ढिल्ली झाली आहे, ही खुर्ची घ्या. आई घरी नाई. टोल्यावर गेली, जंगलापलीकडच्या वस्तीवर, सुकलूभाऊच्या घरी. रोज जाते. पोरगी गेली त्यायची, अन् ही जाऊन त्यायच्या घरचं पानी भरून देते—कोनी बस म्हनत नाई तिले, तरी जाते. येईन घंट्याभरात. सही पाहिजे तर थांबा लागन तुमाले. — काय म्हनता? सही झाली? कवा? — मंगळवारी? सोता आली ऑफिसात, दोन बसा बदलून? मले तर म्हने, आरमोरीच्या बाजारात चाल्ली. हातात भाजीची थैली होती तिच्या. बरं. मंग आता कायले आले तुमी? — साक्षीदार. घरच्या शिकल्या मानसाची साक्ष पाहिजे. आना इकडं, वाचू तर द्या.

'मी अंजनाबाई, आशा कार्यकर्ती, लिहून देते की माझी नजर कमजोर असल्यामुळे कु. दिव्यानी हिच्या मलेरियाच्या तपासणी-पट्टीवरील दुसरी रेष मला दिसली नाही'—वा! नजर कमजोर! साहेब, परवा त्या बाईनं मोहरीतले खडे वेचले. शेजारच्या मलिकाचाचीले सुईत दोरा वोवून देते, चाची तिच्याहून सात वर्षानं लहान आहे. अंधारात जंगलातून टोल्यावर जाते, बॅटरी नसते हातात. अन् तुमाले म्हने दिसत नाई, अन् तुमी लिहून घेतलं! कोनी पुसलं का तिले, का बाई, कागदावर हे काय लिवलं आहे ते वाचून दाखव? नाई ना? कायले पुसान. चोर सोडून संन्याशाले फाशी—सोपं पडते. — नाई, चोर कोन ते मी कुठी म्हनलं? मी तसं नाई म्हनलं.

फोन खिशात ठेवा पयले. रेकॉर्ड नका करू. ठेवला? हं. आईकडून चूक झाली नाई वाचाले, एवढंच सांगून राह्यली मी. बोटाचं रक्त पट्टीवर टाकते, पयली रेष आली म्हनजे पट्टी चालू आहे, दुसरी आली म्हनजे मलेरिया—हे तुमाले काय सांगू, तुमी आरोग्याचेच. दुसरी नव्हतीच साहेब. थे पट्टी आईनं डब्यात ठेवली होती, मी उजेडात धरून पाह्यली, भिंगानं पाह्यली. मंग अशी वाकडी केली तवा—असलीच तर इतकुशी, मांजरीच्या मिशीवानी. ऑगस्टचा महिना, धानाचा रोवना चालू, वर आभाळ, झोपडीत अंधार, त्यात कोनाले दिसन? तुमाले दिसली असती? मले नसती दिसली. अन् मी तर थे बनवते.

मंजे पट्टी नाई बनवत. पट्टीवरची दुसरी रेष जिच्यानं उमटते ना, थे अँटिबॉडी. हैदराबादले, कंपनीचं नाव नका पुसू. चार वर्षं झाले. तुमाले वाटन मोठमोठ्या टाक्या असन—नाई बाप्पा, हाताएवढी प्लास्टिकची नळी, तिच्यात केसाएवढ्या बारीक हजारो नळ्या. बारीक नळ्यायच्या आतून साखरपानी फिरते, अन् बाहेरून पेशी चिकटून बसते, दाट, बाजाराच्या दिवशीच्या काळीपिवळीत मानसं बसते ना, तशा. नळीच्या भिंतीतून साखर त्यायले भेटते, पन त्यायनं बनवलेली अँटिबॉडी भिंतीतून बाहेर जाऊ शकत नाई, म्हनून तिथीच साचते, घट्ट. रोज सकाळी सिरिंजनं काढून घ्याची. महिनोन् महिने चालते. दसऱ्याले नाई आली मी घरी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले नाई, वडसाले एक नाटक नाई पाह्यलं चार वर्षं—काऊन? पेशीयले सुट्टी नसते म्हनून. लेकरावानी सांभाळल्या त्या मी, लग्नाची गोष्ट काढली का आई म्हने, हिनं नळीत संसार मांडला.

पन त्यातली गंमत सांगू? आत काय चाललं ते दिसत नाई कोनाले. साखर किती खाल्ली त्यावरून समजाचं का पेशी खुशीत आहे. अन् त्यात काही अशा निघते, का खाते भरपूर, वाढते भरपूर, काम नाई करत. अँटिबॉडीच नाई बनवत. कामाचा भार नाई म्हनून अजून जोरानं वाढते, अन् काम करनाऱ्यायची जागा खाऊन टाकते. धानात धानावानीच दिसनारं गवत नाई का उगवत, खत तेच खाते, अन् लोंबी आल्यावर समजते. तसं झालं यंदा जानेवारीत. साखर मस्त, मशीन मस्त, सर खुश. मी सहज तपासलं तर अँटिबॉडी तीन हिश्श्यातली एक राह्यली होती. सरले सांगतलं मी. सांगतलं, साहेब! ते म्हने, नवीन पेशी लावाले दोन महिने जाईन, डिसेंबरचा माल चांगला आहे, त्याच्यात मिसळून टाक, पासापुरतं होते. दुधात पानी घालनारा गवळी तरी रात्री घालते, आमी भर दुपारी घातलं. अन् झालं पास, काठावर. हैदराबादच्या थंड खोलीत झालं. तिथून पेट्या निघाल्या, अन् इथी आमच्या टिनाखाली मे महिना काढला त्यायनं. काठावरच्याचं मंग काय राह्यते?

—कोनी मिसळलं? मी म्हनलं ना, सर म्हने. — हो, हात माहे होते. वहीत सही माही आहे. 'पुन्हा तपासले, योग्य' असं लिवलं मी, सुंदर अक्षरात. आता तुमी म्हनान, नाई काऊन नाई म्हनलं? माह्या जागेवर याले वीस जनं रांगेत होते साहेब. अन् मले काय मालूम पेटी कुठी जाईन? देश एवढा मोठा. ओडिशात जाईन, छत्तीसगडात जाईन. हे खरं सांगून राह्यली मी—मनात असंच आलं होतं, का जाईन कुठीतरी, दुसऱ्याच्या गावात.

आईचं तर तुमाले मालूमच नाई. पयले आई पट्टीवर भरोसा ठेवतच नव्हती. पट्टी करे, काचेवर रक्ताचा थेंबही घे, अन् त्याच्यावर कपाळाले हात लावून पाहे; हुडहुडी भरली दिसली, का पट्टी काही म्हनो, पाठवे दवाखान्यात. बारा वर्षं तसंच केलं, एक मानूस नाई गेलं तिच्या हातून. मंग मले नोकरी लागली. त्याच वर्षी चौदा एप्रिलले विहारात माहा सत्कार केला, शाल दिली, अन् ही उठली, पट्टी वर धरली अन् म्हने, 'यातली रेष माह्या हर्षाच्या हातची आहे.' टाळ्या पडल्या. पट्टी कोन्या कंपनीची, रेष कोनाची, तिले काय मालूम, तिच्यासाठी सगळ्याच पट्ट्या माह्या. तवापासून काच बंद, कपाळाचा हात बंद. पट्टी म्हने तेच खरं. अन् यंदा पेटी आली ती खरंच माही निघाली—नंबर पाह्यला ना मी, पाठ आहे मले थो नंबर.

सुकलूभाऊनं टेम्पो बोलावला होता साहेब. हे तुमच्या कागदात नाई. दिव्यानीले दोन दिवस ताप, अंग थरथर कापे, टेम्पो दारात उभा, गोधडी टाकून झाली. अन् आईनं पट्टी केली, पाह्यली, अन् टेम्पोवाल्याले म्हने, 'जाय बापा परत, मलेरिया नाई. माही पोरगी खोटं नाई बोलत.' थो गेला परत. चौथ्या दिवशी दिव्यानी गेली. एकोनीस वर्षाची. नर्सिंगचा फॉर्म भरला होता तिनं, मलेच फोन करून पुसे, ताई, हैदराबादले राहाचं कसं जमते.

हे आईनं नाई सांगतलं तुमाले? टेम्पोचं? नाई ना. काऊन नाई सांगतलं... सांगतलं असतं तर तुमी पुसलं असतं, पोरगी कोनती, करते काय. मंग पट्टी तपासली असती तुमी. पेटी तपासली असती. दिव्यानीचं ऐकून मी गावी आली, त्या दिवशी पेटीचा नंबर पाहून खालीच बसली होती, तिनं पाह्यलं होतं मले. फक्त भाकर वाढली. अन् मंगळवारी थैली घेऊन निघाली. म्हनजे तिले मालूम आहे. साहेब, तिले सगळं मालूम आहे!

फाडा थो कागद. दुसरा काढा. लिवा—मी हर्षा, अंजनाबाईची पोरगी, लिहून देते का... थांबा. आली थे. फाटक वाजलं.

आई, आली का. साहेब आले आहे. — नाई, काही नाई. असंच, चहापान्याचं बोलत होतो. घागर ठेव खाली. — आई? काऊन चाचपडून राह्यली? खाटेचा खूर आहे थो. लोटा तुह्या समोरच आहे, आई. समोरच... आई, असं नको करू. उठ ना. अशी हात फिरवत नको... माह्याकडं पाह्य ना एकडाव.

...

द्या साहेब पेन. हो. नाई दिसत तिले. दोन वर्षं झाले. साक्षीदाराची सही कुठी करू? इथी, आईच्या सहीखाली?

झाली. निघा आता. बस चुकन तुमची.