सोवळ्यातला मोजा

मी राजवाड्यामागच्या गल्लीतली. आमची आई श्राद्धाचा सोवळ्यातला स्वयंपाक करायची, तिच्यामागं मी. इथं तमिळ मुलखात आपल्या मराठी घरांत श्राद्ध आलं की राधाक्कास बोलवा, असंच आजवर. सोवळं म्हणजे काय सांगू तुम्हास, लुगडं आदल्या दिवशी धुवायचं, उंच दांडीवर काठीनं वाळत घालायचं, आंघोळ झाल्याशिवाय शिवायचं नाही, आणि मग पहाटेपासून जेवणं उठेपर्यंत चुलीपुढं उभं. बसणं मला येतच नाही, आतां तुम्ही लिहून घेताय म्हणून समोर बसलेय तरी पाय चुळबुळ करतोय पाहा.

हाच पाय. घोट्यावर आधी खाज, मग कातडी काळपट, खपल्या, पाणी सुटायला लागलं. मी गजकर्ण समजून कडुलिंब-हळद वाटून लावली, ते आणखीच चिडलं. सून पापनाशमची, शिकलेली, तिनं ओढत डॉक्टराकडं नेलं. तो म्हणाला, पाट्टी, इथं आजीला असंच म्हणतात, नसांतलं रक्त वर चढत नाही, खाली साचतं, त्यानं कातडी सुजते, जखम झाली तर लवकर भरायची नाही. मलम दिलं, पाणी थांबल्यावर पायाची नाडी पाहून आवळ मोजा दिला, उठल्याबरोबर घालायचा, झोपतानाच काढायचा.

आतां सोवळ्यात रबरी मोजा कसा चालेल? मी श्राद्धाच्या घरी दारातच काढून ठेवायची आणि परत येताना पाय भोपळ्यासारखा. सून म्हणाली, आई, पाय हवा की चूल? रडायला आलं मला. चूल सोडून मी करू काय?

मग मोजाही लुगड्यासारखाच धुतला, दांडीवर टाकला, आंघोळ करून ओढला आणि तसाच घालून गेले. वाढताना भटजींना दिसला. राधाक्का, हे काय पायात? मी म्हटलं, धुतलेलं आहे, न शिवता वाळवलेलं, तुमच्या नाकावरचा चष्मा कधी दांडीवर वाळला? त्यांनी आणखी एक वडा मागून घेतला. पण घरच्या बाई पाहत होत्या. निघताना म्हणाल्या, पुढं फोन करते.

पितृपक्ष आलाय तोंडावर, फोन नाही. उठते, फोन पाहते, बसते, पुन्हा उठते. सून म्हणते पाय वर करून पडा, पडते, की वाटतं कोण तळत असेल त्यांचे वडे, तेल नीट तापलं असेल का. तरी मोजा काढला की धुऊन दांडीवर घालते, काठीनंच. बोलावणं आलं तर तयार पाहिजे ना.

तुमचं कल्याण होवो बाई. तुम्ही बसून लिहिता, मधेमधे उठत जा.