स्टेपनीतली हवा

नको गं, तू पान्याला हात लावू नकोस, कामावर निघालेली दिसतेस, हात काळे होतील — माझे झालेच आहेत. थांबलीस हेच पुष्कळ. एवढ्या गाड्या गेल्या, एकानंही काच खाली केली नाही, आणि तू स्कूटर लावून विचारतेस, काकू, काका नाहीत का बरोबर? नाहीत. म्हणजे आहेत, पण — ते सांगते, आधी तो दगड दे. तो नाही गं, त्याच्या शेजारचा, चपटा. मागच्या चाकाला लाव. हं, अस्सा. हँडब्रेक ओढलाय, गिअरमध्ये ठेवलीय, तरी दगड लावायचाच — गाडीच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, असं हे म्हणायचे. आमचे हे.

अगं, जॅक इतक्यात नाही! सगळे तिथेच फसतात. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करून घ्यायचे, नाहीतर चाक हवेत गरगर फिरतं आणि आपण त्याच्याबरोबर. हा पाइप बघितलास? पान्याच्या दांड्यावर असा चढवायचा, की माझ्यासारख्या काडीपैलवानालाही — निघाला! बघ, निघाला की नाही? ह्यांनी मुद्दाम कापून आणला होता, माझ्या उंचीला बेतून. दर रविवारी गाडी अंगणात काढायची आणि मला टायर बदलायला लावायचं. पंक्चर नाही, काही नाही — चांगलं धडधाकट चाक काढायचं, स्टेपनी लावायची, मग स्टेपनी काढायची आणि परत पहिलं चाक. शेजारीण गॅलरीतून ओरडायची, अगंबाई, आज पुन्हा पंक्चर? आणि हे चहाचा कप घेऊन उभे — घाई नको, समोरासमोरचे नट आवळ, शेजारशेजारचे नको. फ्यूज कसा घालायचा, पाण्याची मोटर कशी चालू करायची, गॅसची टाकी कशी जोडायची, सगळं शिकवलं. वैतागायचे मी. आणि मनातून सुखावायचेही, खोटं कशाला बोलू? वाटायचं, केवढी काळजी आहे या माणसाला माझी! बहिणीला फोनवर ऐकवायचे — तुझा नवरा तुला साधा दिवा बदलू देतो का?

आता जॅक. इथे, या खाचेत बसवायचा. तू फक्त मागून येणारे ट्रक बघ. — तर काय, एका रविवारी चाक लावून झालं, मी नळावर हात धूत होते, आणि हे म्हणाले, आता तुझं काही अडणार नाही. मी म्हटलं, अडलं तर तुम्ही आहातच की. तर दाराआड बॅग भरून तयार. — नाही गं, आजारी वगैरे नव्हते, सगळ्यांना आधी तेच वाटतं. ठणठणीत होते. दुसरी बाई. माणूस जायच्या आधी माझी तालीम घेत होता, आणि मी वेडी खूश.

चल, डिकीतून स्टेपनी काढू लाग. — हसलीस! हसलीस ना, स्टेपनी म्हटल्यावर? हस, हस. लोक तो शब्द कोणाला वापरतात ते मलाही माहीत आहे. बहीण माझी त्या बाईंना तेच म्हणायची, काय म्हणते तुझ्या नवऱ्याची स्टेपनी? मीही हसायचे, काय करणार? — जपून, जड आहे. हात फिरव याच्यावरून. रबराचे केस अजून तसेच आहेत, बघ. कधी रस्ताच पाहिला नाही बिचारीनं. पण हवा टिच्च! पंपावरचा माणूस हसतो मला, काकू, हिच्यात पण भरायची? भर म्हणते. हे म्हणायचे, चार चाकं रोज नजरेसमोर असतात, डिकीतल्याकडे कोण बघतं? — हे, हे, हे! जीभ वळतच नाही बघ माझी. जवळ असतो त्याला हे म्हणायचं. एवढी वर्षं झाली, आता ते म्हणायला हवं.

काढलेलं चाक गाडीखाली सरकव, जॅक घसरलाच तर गाडी त्याच्यावर बसेल. हं. तर सकाळी त्या बाईंचा फोन. पहिल्यांदाच बोललो आम्ही. न्हाणीघरात पाय घसरला म्हणे यांचा, खुब्याचं हाड मोडलंय, अंथरुणावर आहेत. त्यांची स्वतःची कंबर धरलेली, त्यांच्या मुलीला रजा मिळेना. म्हणाल्या, माझ्याच्यानं उचलवत नाही हो, थोडे दिवस याल का? — मी काय म्हणणार? ताठ्यात म्हटलं, बघते, विचार करून कळवते. आणि फोन कानाला असतानाच दुसऱ्या हातानं कपाट उघडलं होतं! बहीण ओरडली — जाऊ नकोस, गरज सरो नि वैद्य मरो होईल तुझं. म्हटलं, होऊ दे. ठेवणीतले कपडे काढले. हो, हेच, यांना टायरचं काळं लागलं ते! आणि ती मागच्या सीटवरची उशी बघितलीस? यांची आहे. दगडासारखी आहे, पण मऊ उशीवर झोप लागत नाही यांना. — ठेवली होती, हो. दर उन्हाळ्यात ऊन दाखवायचे तिला. तू असं बघू नकोस माझ्याकडे.

लाज नाही वाटत का, असंच वाटलं ना तुला? वाटते की. त्या बाईंच्या घरात राहायचं, त्यांच्या हातचा चहा प्यायचा, लाज वाटणारच. पण घरी माझं खरंच काही अडत नाही गं. फ्यूज मी घालते, टाकी मी जोडते. अख्खा दिवस जातो आणि कुणाला हाक मारायचं कारणच पडत नाही. फार एकटं वाटतं. कोणीतरी म्हणालं, या, तुमच्यावाचून अडलंय — मग कोण म्हणालं, कशासाठी म्हणालं, ते कशाला बघू? — जाऊ दे. जॅक उतरवला, आता घट्ट आवळायचे. समोरासमोरचे. हा, मग तो. — तुझा वाजतोय की माझा? माझाच. पुढच्या सीटवर पर्स आहे, काढ ना, माझे हात बघ कसे झालेत. बटण दाब आणि धर कानाशी.

हॅलो? — हां, बोला बाई. — हो का? कधी आली मुलगी? — आत्ताच? वा, मिळाली म्हणजे रजा. — नाही नाही, राग कसला त्यात. — बरोबर आहे, मुलगी आहे म्हटल्यावर आता तुमचं काही अडत नाही. — ते काय म्हणतात? — झोपलेत. बरं. नको, उठवू नका. — मी? छे हो, मी कुठे निघाले होते! घरीच आहे मी. — हा आवाज? खिडकी उघडी आहे, रस्त्यावरच्या गाड्या. — हो. हो. ठेवते.

बंद कर. पर्समध्ये टाक.

एक नट राहिलाय. — झाला. तो दगड काढ चाकाखालचा. ते पंक्चरचं चाक राहू दे, मी टाकते डिकीत, येतं मला.

नाही, तू काही बोलू नकोस. उशीर होतोय तुला, नीघ. फक्त जायच्या आधी मागून काही येतंय का तेवढं बघ. गाडी वळवायची आहे मला.