बोट ओढणारी गाडी

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या ऑफिसात मी माझा नंबर यायची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर साठीतलं एक जोडपं बसलं होतं. काचेपलीकडच्या दांडग्या काळ्या एसयूव्हीवरून नवऱ्याची नजर हलत नव्हती.

"अगं, हीच घेऊ. आपली बोट सहज ओढेल."

"बोट अजून अंगणातून हललेली नाही. मांजर व्याली तिच्यात."

"हातानं बोट बांधायची म्हणजे वेळ लागतोच."

"हो ना, तोवर घरातला नळ गळू दे."

"इंजिन बघ, कसलं दमदार आहे!"

"मला सीट बघायचीय. पुढे सरकते ना?"

"कशाला? माझे पाय पोचतात."

"माझे पोचायला हवेत. डॉक्टरांनी तुम्हाला गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलंय."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"लेकीनं. तुम्ही तिला गप्प राहायला सांगितलंत, म्हणून तिनं लगेच सांगितलं."

"मग इथे आलीस कशाला? बोट विकूनच टाकू."

"काही नको. महिनाभर माझ्या दादाकडे जाऊन, त्याच्या गाडीला बोटीचा ट्रेलर लावून रिव्हर्स घ्यायला शिकतेय मी. उतारावरून बोट थेट पाण्यात सोडता येते मला."

"तुला?"

"त्याचं कुंपण दोनदा पाडलं, पण येते."

नवऱ्यानं एसयूव्हीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"पण तुला तर पाण्याची भीती वाटते."

"मी काठावर गाडीतच बसेन. फार लांब गेलात, तर हॉर्न वाजवेन."

तो उठला आणि विक्रेत्याला म्हणाला,

"अहो, जरा या काळ्या गाडीचा हॉर्न वाजवून दाखवता का? मोठ्यानं."