पिवळ्या दगडावरच्या रेघा

(आर्देनच्या डोंगरातलं एक गाव. देझिरेंचं दाढीचं दुकान. गिऱ्हाईक नुकतंच उठून गेलंय. देझिरेंची मुलगी ओदील साबणाचा फेस कालवतेय. नवा कारागीर फिर्मां वस्तरा पुसतोय.)

देझिरे : स्टेशनमास्तर गाल चोळत गेला, फिर्मां. माझ्या दुकानातून! वस्तरा ओढतो म्हणाला.

फिर्मां : दोनदा धार लावली, मालक. आधी धारेच्या पिवळ्या दगडावर पाणी टाकून, घासून दाट गाळ काढला, मग पाणी घालत घालत पातळ केला, शेवटचा हात नुसत्या पाण्यावर. तरी टोकाला धार, मुठीकडे धार आणि मध्ये बोथट.

ओदील : अगंबाई! आणि बाबा ज्याचं कौतुक करतात तो सोन्यासारखा हलका हात कुठं गेला?

देझिरे : तोंड आवर, ओदील.

ओदील : आवरूनच तर म्हातारी व्हायला आले. इतकी वर्षं फेस कालवतेय, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरे फिरवतेय, पण दगडाला बोट लावलेलं चालायचं नाही. आणि हा नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या जत्रेला ट्रंक घेऊन उतरला काय, दुसऱ्या दिवशी दगड याच्या पुढ्यात! आजोबांनी स्वतः खाणीतून आणलेला दगड!

फिर्मां : ताई, मी मागितला नव्हता.

ओदील : ताई म्हणू नकोस. न मागता मिळतंय, तेच तर खुपतंय मला.

देझिरे : कितीदा सांगू तुला? हात सरळ लागतो. या खोऱ्यातले सगळे न्हावी दगड घासून घासून सपाट करत बसतात. मी जन्मात नाही केला. माझ्या हाताखाली दगडाला खळगा म्हणून पडला नाही, आजारपणानंतरसुद्धा नाही. फिर्मांचा हात मला तसा वाटला. म्हणून ईस्टरला दगड त्याला देणार. आणि दगड ज्याचा त्याचं दुकान, आपल्याकडे असंच चालत आलंय.

ओदील : द्या की! आईची कॉफीची किटलीही द्या. मला हा ब्रश ठेवा, म्हणजे याच्या नातवंडांसाठीही फेस कालवीन.

फिर्मां : मालक, रागावणार नसाल तर एक दाखवतो. दगडावर पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि मागच्या अंगणातल्या सुट्या सपाट लादीवर पाणी टाकून घासला.

देझिरे : माझा दगड? लादीवर?

फिर्मां : बघा ना. कडेच्या रेघा गेल्या, मधल्या तशाच आहेत. मध्ये खळगा पडलाय.

देझिरे : मग तो तुझ्या हाताचा.

फिर्मां : असेलही. पण त्या लादीच्या भेगांत पिवळा गाळ बसलाय, मालक. सुकून दगड झालेला, वर्षानुवर्षांचा. मी आजच पहिल्यांदा घासला.

देझिरे : मग कोण घासत होतं?

फिर्मां : मला काय ठाऊक?

देझिरे : ओदील, ब्रश का थांबला तुझा?

ओदील : झालाय फेस.

देझिरे : कोण घासत होतं म्हणतोय मी.

ओदील : तुम्ही रविवारी चर्चमधून परस्पर पत्ते कुटायला जायचात ना? तेव्हा मी घासायचे. हात थरथरायला लागल्यापासून दगडाची पार बशी करत होतात तुम्ही.

देझिरे : बरं. हात थरथरायला लागल्यापासून. त्याआधी तर नाही ना?

ओदील : जाऊ द्या ना, बाबा.

देझिरे : त्याआधी?

ओदील : त्याआधी आई घासायची. रेघा मारायची माझ्याजवळची पेन्सिल तिचीच आहे. जाताना माझ्या हातात दिली. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस, हाताचं फार मिरवतात.

फिर्मां : मी जरा बाहेर थांबतो, मालक.

देझिरे : थांब इथंच. आणि आता का बंद केलंस, पोरी?

ओदील : याच्या हाताचं कौतुक व्हावं म्हणून मी घासू? जळत होते मी, बाबा. रोज जळत होते. तुम्ही फुशारकी मारायचात तेव्हा हसू यायचं, बरंही वाटायचं. पण तीच फुशारकी तुम्ही याच्या नावानं मारलीत, त्या दिवसापासून माझा हात लादीकडे वळलाच नाही. होऊ दे म्हटलं खळगा.

देझिरे : फिर्मां, लादी आत आण. दगड दे तिच्याकडे. आता तो तिच्याकडेच राहू दे.

फिर्मां : ईस्टरपर्यंत?

देझिरे : नंतरही. तुला राहायचं असेल तर तिला विचार.

ओदील : तुम्ही जा, बाबा. पत्त्यांना आजही मंडळी जमली असतील. मी करून ठेवते.

देझिरे : नको. आज इथंच बसतो. तुझी आई कशी घासायची ते दाखव मला.